दीडपट पगार, सरळ काकडी

१ मार्च, शनिवार

खताच्या कंपनीने फुकट दिलेली ही वही आजपासून वापरात. कारण: साडू.

साडू आणि मेहुणी जेवायला आले होते. साडूसुद्धा माझ्यासारखाच ग्रीनहाऊस मॅनेजर. तो गुलाबाचा, मी काकडीचा. हात धुताना त्याने अगदी सहज सांगितल्यासारखा पगार सांगितला. माझ्या दीडपट. दीडपट! लग्न झालं तेव्हा या माणसाला गुलाब आणि जास्वंद यातला फरक कळत नव्हता.

पाहुणे गेल्यावर हिला सांगितलं की महिनाअखेर माझाही पगार दीडपट होतोय. ही म्हणाली, कुणी सांगितलं? म्हटलं, आतली बातमी आहे. आतली म्हणजे माझ्या मनातली, पण तेवढं तिने खोदून विचारलं नाही.

मुलगी ऐकत होती. पलीकडच्या गल्लीत तीन खोल्यांचं घर भाड्याने निघालंय. तिथे तिला स्वतःची खोली मिळेल. सध्या बिचारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर अभ्यास करते, वह्यांना तेलाचे डाग पडतात. तिने लगेच मिठी मारली. त्याच भरात घरमालकाला फोन करून हो म्हणून टाकलं. तो एकतीस तारखेपर्यंत थांबणार आहे.

२ मार्च, रविवार. सुट्टी

सकाळभर मोबाईलवर अभ्यास. ग्रीनहाऊस मॅनेजरचा पगार कशावर ठरतो, हा विषय. सगळे मुद्दे माझ्याच बाजूचे निघाले.

क्षेत्रफळ. जितकं मोठं ग्रीनहाऊस तितका पगार. आमचं पावलांनी मोजलंय. पार्किंग आणि खताची खोली धरली तर बरंच मोठं आहे.

अनुभव. सतरा वर्षं. त्यातली अकरा टायरच्या दुकानात, पण मॅनेजर तो मॅनेजर.

शिक्षण. तीन दिवसांच्या कोर्सचं सर्टिफिकेट आहे. दुसऱ्या दिवशी गेलो नव्हतो, तसं त्यावर लिहिलेलं नाही.

हाताखालची माणसं. नऊ. वॉचमन धरून दहा. वॉचमनचा कुत्रा माझंही ऐकतो.

यंत्रं. जिथे कॉम्प्युटरवर कारभार चालतो तिथे मॅनेजरला जास्त पगार. आमच्याकडे कॉम्प्युटर आहे, तोही सहा वर्षं बिघडलेला. म्हणजे त्याचंही काम मीच करतो. खरं तर दोन पगार व्हायला हवेत. मी एका दीडपटीवर समाधानी आहे, हा माझा मोठेपणा.

३ मार्च, सोमवार

कॉम्प्युटरचा तमाशा चालूच. गरम झालं की छताच्या खिडक्या आपोआप उघडाव्यात, फॉगर सुरू होऊन बारीक पाण्याचा धूर सुटावा, असा त्याचा करार. पण स्क्रीन म्हणते तापमान बावीस. माझा घाम म्हणतो चौतीस. शेवटी बटणं मीच दाबतो, अंदाजाने. अंदाज ही कोर्समध्ये मिळणारी गोष्ट नाही.

उकाड्यावर माझा उपाय ठरलेला: टॉवेल भिजवायचा, मानेवर घ्यायचा, तापला की पुन्हा भिजवून वेलांमध्ये लटकलेल्या पांढऱ्या पेटीवर टाकायचा. त्या पेटीत एवढासा पंखा आहे, त्याने टॉवेल मस्त गार होतो. पेटी कशासाठी लावलीय देव जाणे. हवा खेळती राहावी म्हणून असेल.

मावशी पुन्हा म्हणाल्या, साहेब, टॉवेल दुसरीकडे वाळत घाला. मावशी आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या, काकडी तोडण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही, पण कपडे कुठे वाळत घालायचे याचं फार वेड. सहा वर्षं हेच ऐकतोय. हसून सोडून दिलं. हाताखालच्यांना असं सांभाळून घ्यावं लागतं.

५ मार्च, बुधवार

मालकीणबाईंना गाठलं. सगळे मुद्दे मांडले. त्यांनी चहा संपेपर्यंत ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, शंभरातल्या सरळ काकड्या किती? म्हटलं, साठ. म्हणाल्या, वाकडी काकडी दुकानदार घेत नाहीत, त्या चाळीस मी फुकट वाटते, तुमचा पगार त्यातून वाढवू का? पुढे म्हणाल्या, यंत्र चालत असेल तर तुम्हाला जास्त कशाला द्यायचं, आणि चालत नसेल तर तुम्ही करता काय?

विनोदी स्वभाव आहे बाईंचा. महत्त्वाचं म्हणजे नाही म्हणाल्या नाहीत.

६ मार्च, गुरुवार. पहाटे ५.१०

संकल्प: रोज पाचला उठायचं आणि कॉम्प्युटरचं मॅन्युअल वाचायचं. एकशे चाळीस पानं. सुरुवात केली.

सकाळी ८.४०

कव्हर वाचून झालं. डोळा लागला. कामावर उशीर.

१० मार्च, सोमवार

चमत्कारिक प्रकार. रविवारी मावशींची ड्युटी असते. त्या म्हणतात काल यंत्र स्वतःहून चाललं, खिडक्या उघडल्या, फॉगर सुटला. दर रविवारी असंच होतं म्हणे. वायरवाला, म्हणजे ज्याने हे यंत्र बसवलं तो, तोसुद्धा नेहमी रविवारीच तपासायला येतो आणि यंत्र ठणठणीत आहे म्हणून बिल देऊन जातो.

माझा निष्कर्ष: रविवारी यंत्रावर ताण कमी असतो. माणसांनाच सुट्टी लागते असं नाही.

मी आलो, हिने रविवारी धुतलेला टॉवेल भिजवून पेटीवर टाकला, कामाला लागलो. दहा मिनिटांत स्क्रीनवर बावीस. लागला सोमवार!

११ मार्च, मंगळवार

जबरदस्त कल्पना सुचली. सहा वर्षांत मी एकही रजा घेतलेली नाही. आता आठ दिवस सलग घ्यायची. मी नसल्यावर तिथे काय हाहाकार होतो ते बाईंना बघू दे. पगारवाढीचं पत्र घेऊन घरी येतील.

हिला सांगितलं. ही म्हणाली, आणि हाहाकार नाही झाला तर? बायकोला नवऱ्याच्या कामाची कल्पना नसते, हे चालायचंच.

१३ मार्च, गुरुवार. रजेचा पहिला दिवस

आपलं सगळं सामान घरी आणलं. डबा, चपला, टॉवेल. टेबल मोकळं दिसलं की उणीव जास्त जाणवते.

दिवसभर फोन जवळ ठेवला. बाथरूममध्येसुद्धा. फोन आला नाही. पहिल्या दिवशी धक्क्यात असतात माणसं.

१५ मार्च, शनिवार

फोन नाही. मीच मावशींना लावला. सगळं छान चाललंय म्हणाल्या. आवाजात घाईसुद्धा नव्हती. संकट मोठं असलं की माणूस असा शांत होतो.

१६ मार्च, रविवार

साडूचं ग्रीनहाऊस बघायला गेलो. गुलाब ठीक आहेत. त्याच्याकडेही आमच्यासारखी पांढरी पेटी लटकलेली, आणि खाली पाटी: हात लावू नये. एका पंख्याला एवढा मान! दीडपट पगार घेणाऱ्यांची नाटकं, दुसरं काय.

दुपारी मुलीने भिंतींच्या रंगाचं कार्ड आणलं. फिकट हिरवा निवडलाय. म्हणाली, बाबांच्या वेलांचा रंग. पाणी प्यायला आत गेलो.

१८ मार्च, मंगळवार

आज मात्र फोन आला! मालकीणबाईंचा! धावत घेतला. त्यांना खताच्या खोलीची चावी कुठे ते हवं होतं.

२१ मार्च, शुक्रवार. पुन्हा कामावर

शंभरात ब्याण्णव सरळ.

पुन्हा मोजल्या. ब्याण्णव. मावशींनी पेट्यांवर पेट्या रचून ठेवल्या होत्या. मालकीणबाई तिथेच उभ्या. म्हणाल्या, यंत्र सुधारलं की हो आपोआप! आठ दिवस एकाही बटणाला कुणी बोट लावलं नाही. आणि माझ्याकडे बघत राहिल्या. ते बघणं मला आवडलं नाही.

हे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो: भीती वाटली. पगारवाढ राहू दे बाजूला, पगार तरी राहतो का?

दुपारी ३

घाम पुसला. टॉवेल भिजवून पेटीवर टाकला. विचार करायला हवा.

दुपारी ३.२५

बावीस! स्क्रीनवर बावीस! खिडक्या बंद! फॉगर बंद! माझं यंत्र बिघडलं रे बिघडलं! वेलांमध्ये उभा राहून एकट्यानेच टाळ्या वाजवल्या.

२५ मार्च, मंगळवार

उकाड्याने काकड्या वाकायला लागल्या आहेत. काल अठ्ठ्याहत्तर सरळ, आज सत्तर. अजून दोन दिवसांत साठावर येऊ. बटणं मुद्दाम कमी दाबतोय. पिकाचं वाईट वाटतं, पण पुरावा म्हणजे पुरावा.

मालकीणबाईंना ठणकावून सांगितलं: तुमचं यंत्र भरवशाचं नाही, आठ दिवस नशिबाने चाललं, आता बघा. त्या म्हणाल्या, रविवारी वायरवाल्याला बोलावते. मी म्हटलं, रविवारी नाही! कामाच्या दिवशी बोलवा, सगळ्यांसमोर, मी हजर असताना. रविवारी हे यंत्र सोंग करतं.

त्या चक्क हो म्हणाल्या. शुक्रवार ठरला. माझ्या बोलण्याला वजन येतंय.

२७ मार्च, गुरुवार

रात्री मोठ्या कागदावर तक्ता केला. वर मथळा: मॅनेजरचे महत्त्व. खाली सगळे मुद्दे, क्षेत्रफळापासून यंत्रांपर्यंत. मुलीने स्केचपेनने चौकटी आखून दिल्या, फिकट हिरव्या. ही म्हणाली, अहो, आधी घरमालकाला नीट सांगा की अजून पक्कं नाही. म्हटलं, उद्या संध्याकाळी पेढ्यांचा डबा उघडायचा तेवढा राहिलाय. हसली नाही.

२८ मार्च, शुक्रवार

लिहू की नको, असं झालंय. लिहितो.

सकाळी अकरा. वेलांमध्ये मालकीणबाई, वायरवाला, मावशी आणि तोडणीच्या सगळ्या बायका. मी मधोमध, तक्ता हातात. स्क्रीनवर बावीस. उकाड्याने सगळे ओले झाले होते. मी सुरुवात केली. क्षेत्रफळ झालं, अनुभव झाला. शिक्षणावर आलो तेव्हा लक्षात आलं की वायरवाला माझ्याकडे बघतच नाहीये. पांढऱ्या पेटीकडे बघतोय.

मग त्याने दोन बोटांनी टॉवेल उचलला. मेलेला उंदीर उचलावा तसा.

म्हणाला, हे काय आहे? मी म्हटलं, टॉवेल. म्हणाला, आणि हे? म्हटलं, पंखा. म्हणाला, साहेब, हा थर्मामीटर आहे. तुमच्या सगळ्या यंत्राला गरम झालं की गार झालं ते ही पेटी सांगते, आतला पंखा तिच्यासाठी आहे. सहा वर्षं तुम्ही तिच्या डोक्यावर ओली पट्टी ठेवताय, ती ताप कुठून दाखवणार?

स्क्रीनवर बावीसचे चोवीस झाले. सत्तावीस. एकतीस. तेहेतीस झाल्यावर वरच्या खिडक्या करकर करत आपापल्या उघडल्या, आणि फॉगर सुटला. बायकांनी वर तोंडं करून गार वारा घेतला. माझा तक्ता भिजला. मुलीच्या हिरव्या चौकटी ओघळून माझ्या शर्टावर आल्या.

मालकीणबाईंनी मावशींना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? मावशी म्हणाल्या, पेटीचं नव्हतं माहीत. पण रविवारी टॉवेल नसतो आणि रविवारी गार असतं, एवढं कळत होतं. साहेबांना सांगितलं की, सहा वर्षं सांगतेय.

हो. सांगितलं होतं.

वर वायरवाल्याने विचारलं, मॅन्युअल वाचलं नाही का, पान तीनवर मोठ्या अक्षरात आहे. मी कव्हरपर्यंत पोचलो होतो.

२९ मार्च, शनिवार

मालकीणबाईंनी निकाल सांगितला. पगारवाढ झाली आहे. मावशींची. आजपासून त्या सुपरवायझर, यंत्र त्यांच्याकडे. माझी नोकरी राहिली, पगार आहे तोच. कारण विचारायचं धाडस झालं नाही. त्यांनीच सांगितलं: मावशी म्हणाल्या, साहेबांना घालवू नका, माणूस वाईट नाही, फक्त ऐकत नाही.

मावशींना पेढा द्यायला हवा होता.

३१ मार्च, सोमवार

घर घेता येत नाही असं घरमालकाला कळवलं. तो म्हणाला, आधी सांगायचं ना, दोन गिऱ्हाईकं परत पाठवली. बरोबर आहे त्याचं.

मग मुलीला सांगितलं. खरं सांगितलं, टॉवेलसकट. वाटलं होतं हसेल. हसली नाही, रडलीही नाही. रंगाचं कार्ड घडी करून पुस्तकात खूण म्हणून ठेवलं आणि टेबलावरची भांडी बाजूला सारून अभ्यासाला बसली. मला फार लाज वाटली. थोड्या वेळाने मीच ती भांडी घासून टाकली. मला तेवढंच करता आलं.

एक नोंद राहिली. आज कामावर गेलो तर दाराशेजारच्या भिंतीत नवा खिळा ठोकलेला, वर मावशींच्या अक्षरात चिठ्ठी: मॅनेजरसाहेबांचा टॉवेल. सहा वर्षांत कंपनीने खास माझ्यासाठी केलेला हा पहिला खर्च.

आत्ताच साडूला फोन करून सहज विचारलं. त्याला तिथे स्वतःचा खिळा नाही.