लाल दिव्याचं दुसरं टोक

३ नोव्हेंबर, सोमवार
ट्रक अंगणातच. सहावा दिवस. सुपारी वाळवायला खरं ऊन तिथे येतं, आणि तिथेच हे धूड. वाडीत कामाला येणाऱ्या हिरूने सुपारी पडवीच्या कडेला पसरली. तिथे दोननंतर सावली. वसंताला म्हटलं, निदान चार हात पुढे तरी घे. "उद्या घेतो, ताई." माझ्या या धाकट्या भावाचा उद्या मी साठ वर्षं ऐकते आहे.

किल्ली खुंटीवर. गेल्या मंगळवारी नारळ भरून निघाला होता, म्हसळ्याच्या घाटात ऐन चढावर इंजिन बंद पडलं. चाकाखाली दगड लावून तासभर उभा. मग आपोआप सुरू झालं. घरी आला, किल्ली टांगली, हातपाय धुतले. तेव्हापासून किल्लीला हात लावलेला नाही. जेवतो मात्र नीट.

४ नोव्हेंबर, मंगळवार
म्हसळ्याहून युसुफ मेकॅनिक आला. माझा जुना विद्यार्थी. दहावीला विज्ञानात काठावर पास, पण हात चांगला. पंचवीस वर्षं व.चा ट्रक तोच बघतो.

भांडण झालं. कारण डॅशबोर्डवरची ती लाल बत्ती, चार्जिंगची. इंजिन सुरू झालं की विझायला हवी. पावसाळा संपल्यापासून धड लागत नाही, धड विझत नाही. युसुफने आधी पट्टा ताणला, मग आल्टरनेटरच बदलला. बत्ती तशीच.

व.: "तुझा आल्टरनेटरच बोगस. घाटात जीव गेला असता माझा."
युसुफ: "वसंतदादा, पंचवीस वर्षांत बोगस माल लावला काय मी तुमच्या गाडीला?"

व. आत निघून गेला. युसुफ चहा न घेता परत. जाताना मला, "बाई, तुम्ही तरी सांगा त्यांना." काय सांगू? मला तरी कुठे माहीत आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार
महाडचा एक माणूस जुन्या गाड्या घेतो. रविवारी, सोळाला, दहा वाजता येणार. पटलं तर ट्रक घेऊनच जाणार. व.ने मला विचारलं नाही, नुसतं सांगितलं. "आता कोण घाट चढणार, ताई. ती बत्ती बघितली की पाय कापतात."

पाय कापतात हे त्याने कबूल केलं, त्याचंच मला जास्त वाटलं.

दुपारभर पडवीत बसून सुपारी उलटत होता. कोणी सांगितलं नव्हतं. हिरू आत येऊन हळूच, "बाय, काकांचं काय खरं न्हाय. गाडी ग्येली तर करतील काय?" म्हटलं, तू कामाला लाग. पण तिचं बरोबर आहे. चक्रीवादळानंतर अर्ध्या गावाचे पत्रे या ट्रकमधून आले. म्हसळ्यापर्यंत रस्ताभर लोक हाका मारतात त्याला. त्याची बायको शैला गेली तेव्हाही तेराव्यानंतर ट्रक काढला म्हणून सावरला. ट्रक गेला तर हा पडवीतल्या बाकावरच बसेल. आणि मग माझ्या आमटीत लक्ष घालेल.

सोळाच्या आत कारण सापडलं पाहिजे. कारण कळलं तर तो चढेल. नुसतं ‘काही होत नाही रे’ म्हणून चढणार नाही. मीही चढले नसते.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
व. सलूनमध्ये गेलेला. किल्ली काढली. केबिनमध्ये चढायला बराच वेळ लागला, एकाहत्तराव्या वर्षी लागायचाच. गिअर काढलेला बघून स्टार्टर मारला. हिरू धावत बाहेर. "बाय, उतरा खाली! काका मला बोलतील!"

स्टार्टर जोरात फिरला. दहा दिवस उभ्या गाडीचा. म्हणजे बॅटरी रिकामी नाही. मग आल्टरनेटर चार्ज करत नाही, हे कसं?

बत्ती मंद. तळहाताचा आडोसा केला तरच नीट दिसते. मग चुकून वायपरची कळ दाबली गेली आणि बत्ती उजळली. वायपर बंद केला, पुन्हा मंद. तीनदा केलं, तीनदा तेच.

तेवढ्यात व. दाढी करून फाटकात. "ताई, कोरड्या काचेवर वायपर?" इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला. मग बत्तीकडे लक्ष गेलं आणि तोंड फिरवून आत गेला.

८ नोव्हेंबर, शनिवार
सकाळपासून वायपर डोक्यात. आमटीत मीठ दोनदा. व.ने मुकाट्याने खाल्ली.

बत्तीला टोकं दोन. एक आल्टरनेटरकडे, दुसरं किल्लीकडून येणाऱ्या वायरवर. दोन्हीकडे विजेचा दाब सारखा असला तर बत्ती विझलेली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर आणायचो, तसंच हे. फरक पडला की काटा हलायचा. इथे बत्ती लागते.

सगळे आल्टरनेटरचं टोक धरून बसले आहेत, तिथला दाब कमी म्हणून. पण दुसऱ्या टोकाचा कमी असेल तर? तरीही बत्ती लागणारच. कुठल्या बाजूला कमी पडलं, ते ती सांगत नाही. वायपर त्या दुसऱ्या वायरवर असेल तर त्याने वीज ओढली की तिथला दाब आणखी पडेल, आणि बत्ती उजळेल.

मीटर हवा. व.ला म्हटलं, बोर्लीला इलेक्ट्रिकच्या दुकानातून मल्टिमीटर आण. कशाला, हे विचारलं नाही. तासाभरात स्कूटरवरून आणून दिला. बरोबर सेलसुद्धा आणले, न सांगता.

१० नोव्हेंबर, सोमवार
काल पावणेदोन तास बॉनेट उघडून. इंजिन सुरू ठेवून.
बॅटरीवर १४.१
आल्टरनेटरवर १४.१
बत्तीच्या दुसऱ्या टोकाला ११.३

पुन्हा मोजलं. तेच. आल्टरनेटर निर्दोष. युसुफही निर्दोष.

व.ला वाचून दाखवलं. "म्हणजे काय?"
"म्हणजे किल्लीच्या वायरवर वाटेत कुठेतरी जोड सडलाय. पावणेतीन व्होल्ट तिथे गळतायत."
"तिथे जोडबिड काही नाही. त्या वायरिंगला कोणाचा हात लागलेला नाही. मी सांगतो ना."
इतक्या ठामपणे म्हणाला की क्षणभर मीटरवरच संशय आला.

आज युसुफला फोन. त्या वायरवर आणखी काय काय आहे रे? "वायपर, इंडिकेटर, हॉर्न, आणि बाई, डिझेलचा तो विजेचा खटका." मग, "या अल्ला. वीज कमी पडली तर खटका सुटतो, बाई. डिझेल बंद. इंजिन बंद." म्हटलं, आणि घाटात तेच झालं. "मी बत्तीकडंच बघत बसलो. शाळेत असतो तर तुम्ही उभं केलं असतं." म्हटलं, बाकावर.

अलिबागला माझ्या डोळ्याच्या इंजेक्शनची तारीख २४. व. म्हणतो, भाड्याची कार सांगू. बंद कारमध्ये मला किती वेळा ओकारी होते, ते तो विसरलेला नाही. तरी म्हणतो.

१२ नोव्हेंबर, बुधवार
सापडला.

व. वाडीत झाडावर चढणाऱ्या पाडेल्यांबरोबर नारळ उतरवून घेत होता. मी केबिनमध्ये, पायाशी चटई घालून आडवी, हातात टॉर्च. हिरू दारात पहाऱ्याला. डॅशबोर्डच्या खाली, डाव्या अंगाला, जाड वायर मधेच कापून पुन्हा पिळलेली, आणि तिच्यात तिसरी बारीक वायर अडकवलेली. ती कुठेच जात नाही, मोकळी लोंबते. जोडावर काळी टेप नाही. पांढरी कागदी चिकटपट्टी. सोलली तर आत हिरवी भुकटी. समुद्राची हवा कागद पीत राहिली आणि तांबं खात राहिली.

ती पट्टी ओळखीची. माझ्या डोळ्यावर कापूस ठेवून लावायचे तीच.

दोन उन्हाळ्यांपूर्वी डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली. ट्रकच्या केबिनमध्ये उंचावर, उघड्या खिडकीशी बसलं की मला ओकारी होत नाही, म्हणून व. ट्रकने न्यायचा. रिकामा ट्रक, त्यात एक म्हातारी. एप्रिलमध्ये एकदा मी डोळा झाकून बाहेर आले तर माझ्या बाजूला छोटा पंखा बसवलेला. मी आत होते तेवढ्या वेळात, दवाखान्याच्या आवारात उभ्या उभ्या केलेलं काम. टेप नव्हती, तर माझ्या पिशवीतली पट्टी.

मी काय म्हणाले, ते शब्दासकट आठवतं. "हा घरघराट बंद कर आधी."

पुढच्या खेपेला पंखा नव्हता. मीही विचारलं नाही. आज माळ्यावर हिरूला चढवून बघितलं. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला आहे. धूळसुद्धा नाही फारशी.

केबिनमध्ये बराच वेळ बसून राहिले. हिरू म्हणाली, "डोळ्यात काय ग्येलं का?" म्हटलं, हो, धूळ फार आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
युसुफला बोलावलं. त्याला फाटकात बघून व. वाडीत निघून गेला. युसुफने वाकून जोड बघितला, पट्टी बघितली.
"बाई, हे माझं काम नाय."
"माहीत आहे. वसंताचं आहे."
वाडीच्या बाजूला एकदा बघून घेतलं. मग, "दादांना नको सांगू या. आधीच घाबरलेत. आपण बोलू, उंदरानं वायर खाल्ली."
"उंदीर चिकटपट्टी लावत नाही, युसुफ."
"नाय लावत," म्हणाला आणि हसला. मलाही हसू आलं.

सडलेला तुकडा कापून काढला, नवी वायर टाकून जोड डाख देऊन पक्का केला, वर काळी टेप. फ्यूजची हिरवी झालेली टोकं घासली. इंजिन सुरू. बत्ती विझली. वायपर लावला, विझलेलीच. हॉर्न, इंडिकेटर, सगळं एकदम. विझलेलीच. मीटर लावला: १४.०.
"किती मार्क, बाई?"
"पहिला वर्ग."
"चाळीस वर्षांचा होऊन गेलो, आता देताय."
आज चहा घेऊन गेला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
सांगितलं. युसुफवरचा आळ तसाच ठेवणं मला जमलं नसतं. उंदराची गोष्ट मात्र एकदा मनात आली, हे इथे लिहून ठेवते.

न्याहारीला जोडाचा तुकडा बशीत घालून व.च्या पुढे ठेवला. पट्टीसकट. घावनाचा घास हातातच राहिला. तुकडा उलटासुलटा करून बघितला.
"हा माझा."
"हो."
"म्हणजे घाटात मीच..."
"माझा पंखा होता तो. निम्मी मी."
"तुला आवडला नव्हता ना."
"आवाज आवडला नव्हता."
दुसरं घावन मागितलं नाही. तुकडा शर्टाच्या खिशात घातला.

दुपारी सहा शहाळी उतरवली, पिशवीत भरली आणि एसटीने म्हसळ्याला. पाचला परत.
"काय म्हणाला युसुफ?"
"चहा पाजला."
"आणि?"
"बिस्किटं होती."
रविवारचं विचारलं. "बघू."
किल्ली खुंटीवरच.

१५ नोव्हेंबर, शनिवार
महाडच्या माणसाचा फोन. व. बोलायला विहिरीपर्यंत गेला. ऐकू आलं नाही. मी ऐकत नव्हतेच.

दुपारी ट्रक धुतला. चाकांसकट, काचांसकट. गाडी विकायची असली तरी धुतात, ठेवायची असली तरी धुतात. यावरून काहीच सिद्ध होत नाही.

एकदा किल्ली फिरवून नुसता बसला होता, बत्तीकडे बघत. इंजिन सुरू केलं, बंद केलं, पुन्हा सुरू केलं. मी पडवीतून मोजलं: सात वेळा. मग उतरून आला आणि म्हणाला, "आमटी गोड झालीय सकाळची." म्हणजे आमटीत लक्ष घालायला सुरुवात.

१६ नोव्हेंबर, रविवार
साडेसहाला उठून दार उघडलं तर अंगण मोकळं. खुंटी मोकळी. चहाची कपबशी विसळून पालथी घातलेली. चिठ्ठी नाही. त्याने आयुष्यात कधी लिहिलेली नाही, आजच का लिहील.

फोन लावला. लागत नाही. घाटात लागत नाहीच. की महाडच्या माणसाला वाटेत गाठून तिथेच देऊन टाकणार? अंगणातून गाडी नेताना मला बघायला नको, असा त्याचा हिशोब असू शकतो. मी कडक वागते, पण बघवलं नसतं, हे त्याला माहीत आहे.

आठला हिरू आली. सुपारी अंगणभर पसर म्हटलं. पसरली. खरंच चांगलं ऊन आहे. जागा मोठी दिसते. नको इतकी मोठी.

मग तिची हाक: "बाय, माळ्याला शिडी कुणी लावली?" चढून बघ म्हटलं. वरून डोकावून, "पंखा न्हाय हितं. कागद हाय." कागदाची घडी घालून ठेवलेली. नीट, चार पदरी.

विकायच्या गाडीला कोणी पंखा बसवत नाही. असं माझं मत. पुरावा नाही.

दहा वाजले. महाडचा माणूस वेळेवर आला. म्हणजे वाटेत गाठ पडलेली नाही. पडवीत बाकावर बसवलं, चहा दिला. बाकाला आज दुसरं कोणी आहे, बरं वाटलं. विचारतो, "गाडी कुठाय, ताई?" म्हटलं, घाटात असेल. "जाताना की येताना?" ते मलाही माहीत नाही.

सव्वादहा. तो घड्याळ बघतो आहे. मीही.

आला की आधी हे विचारायचं: पंख्याची वायर वेगळ्या फ्यूजवरून घेतलीस का, आणि जोड कोणी केला? युसुफने केला असेल तर ठीक. नसेल तर मीटर आहे.

मग म्हणायचं, लाव पंखा. चोवीसला अलिबागपर्यंत चालू दे. घरघरला तर घरघरू दे.