नवसारीला परत गेलेली मेणबत्तीवाली

आई, काल नानपुऱ्यातल्या जुन्या सामानाच्या दुकानात मला पोर्सिलेनची एक जर्मन पाटी मिळाली. भिंतीवर टांगायची, हाताने चित्र रंगवलेली, तळहातापेक्षा जरा मोठी. घरी आणून ओट्यावर ठेवली आणि तू आठवलीस. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी बँकेतून आल्या आल्या, साडीही न बदलता, आपल्या डिंडोलीच्या स्वयंपाकघरात अशा पाट्या ओल्या मलमलीने पुसणारी तू जशीच्या तशी दिसतेस. मी पुढे झाले की ओरडायचीस, "आधी हात धू! तेलकट बोटं लावू नकोस त्या उजेडाला."

तो उजेड मेणबत्तीवालीचा. तुझी सगळ्यांत लाडकी पाटी. ज्योतीआड हात धरलेली मुलगी आणि तिच्या बोटांच्या कडांतून झिरपणारा तांबूस प्रकाश. तुझ्या बँकेत पेन्शनला येणाऱ्या म्हाताऱ्या पारशी बाईंनी घर मोडताना ती तुला विकली आणि त्या नवसारीला मुलाकडे राहायला गेल्या.

मग एका रविवारी त्यांचा फोन आला. फोन ठेवून तू बाबांना सांगितलंस, "त्यांनी काही मागितलं नाही हो. नव्या घरात झोप लागत नाही म्हणाल्या. लहानपणापासून डोळे उघडले की समोर ती मुलगी असायची."

"अगं, पण तू रीतसर विकत घेतलीस. किती वर्षं शोधत होतीस अशी!"

"म्हणून तर मला कळतं," म्हणालीस आणि पाटी टॉवेलात गुंडाळायला घेतलीस.

नवसारीच्या गाडीत तू ती मांडीवर धरून बसलीस, मी शेजारी. बाईंनी टॉवेल उघडला, हाताने ते चित्र चाचपलं आणि म्हणाल्या, "आवी गई, दिकरी?" 'आलीस का, लेकी?' असं त्या तुला म्हणाल्या की चित्रातल्या मुलीला, मला कळलं नाही. तू स्टुलावर चढून स्वतः खिळा ठोकलास. मग चक्क त्यांच्या पलंगावर आडवी झालीस, उशीवरून ती नीट दिसते का पाहायला. दिसत नव्हती. उठून पुन्हा, जरा खाली ठोकलास.

परतीच्या गाडीत मला वाटलं, तू रडशील. तू खिडकीशी बसून डुलक्या घेत होतीस.

लोक म्हणतात, मी तुझ्यावर गेले. हे काही पोस्टात टाकायचं पत्र नाही, म्हणून खरं लिहिते. तुझ्या जागी मी असते, तर ती दिली नसती.