छोटीला बोट लागली नव्हती

प्रिय धाकट्या,

छोटी दवाखान्यातून घरी आली, जेवली, दप्तरावरून भांडलीसुद्धा, हे फोनवर ऐकून जीव भांड्यात पडला. पण त्याच फोनवर तू पुढे जे बोललास, त्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई असून वहिनीला कळलं कसं नाही, म्हणे! सगळ्या नातेवाइकांना हेच ऐकवत सुटला आहेस. आणि तू कोण होतास रे त्या दिवशी बोटीवर? तिचा बाप की पाहुणा?

तलावावर वारा झोंबत होता, म्हणून पुढचे आणि बाजूचे कापडी पडदे तूच खाली ओढलेस. मागची बाजू उघडी ठेवलीस आणि बोट मुंगीच्या पावलांनी हाकत राहिलास. अशा वेळी इंजिनाचा धूर मागून उलटा आत येतो. त्यातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. छोटीचं डोकं ठणकायला लागलं, उलटी झाली, तेव्हा बोट लागली असं सगळ्यांत आधी तूच ठरवलंस. वहिनीने तिला पांघरूण घालून खालच्या केबिनमध्ये झोपवलं. कुठल्याही आईने तेच केलं असतं. पाच मिनिटांनी बघायला गेली तीही वहिनीच. पोर हलेना, तेव्हा तिला उचलून पुढे उघड्यावर आणली तीही तिनेच. तू सुकाणू धरून गाणी म्हणत होतास.

आता म्हणे बोटीतला या वायूचा अलार्मच भिकार निघाला, वाजलाच नाही, विकणाऱ्याला कोर्टात खेचणार. मी वीस वर्षं बोटींची इंजिनं दुरुस्त करते. अलार्म वाजला की आधी इंजिन बंद, पडदे वर, माणसं बाहेर, हे गिऱ्हाइकांना तोंड दुखेपर्यंत सांगते.

तो वाजला होता. तू धक्क्यावर दोर सोडत होतास तेव्हा. इंजिन सुरू करताना थोडा धूर होतोच, म्हणून वर्कशॉपमध्ये करते तसा मी मुकाट्याने त्याचा सेल काढला. निघालो की परत घालायचा होता. गडबडीत विसरले. गेले पाच दिवस तू वहिनीला बोल लावतोयस आणि मी ऐकून घेतेय. तुझ्यापेक्षा जास्त चीड मला माझीच येते. हे पत्र एकट्याने वाचू नकोस, वहिनीसमोर मोठ्याने वाच. मग आधी तू तिची माफी माग. मीही तिची माफी मागायला उद्या सकाळी येते, तिने दार उघडलं तर.

तुझीच, पण आज वहिनीच्या बाजूची,
ताई