चारशे बारा जणांनी नखं दाखवली

प्रिय फूटपट्टी,

तुमच्या मागच्या खोलीतला तो लोखंडी पलंग आठवतो का गं? शालान्त परीक्षेआधीची सुट्टी. तू पलंगावर मांडी घालून, मी खाली फरशीवर पालथी, आणि मध्ये अभ्यासाच्या वेळापत्रकाचा पुठ्ठा. गणिताला लाल पेन्सिल, भूगोलाला हिरवी, इतिहासाला तपकिरी (तपकिरी दुसऱ्या कुठल्याच विषयाला शोभत नव्हती). तू रेघा मारायचीस आणि मी त्या खोडायचे, म्हणून तर वर्गाने आपली फूटपट्टी आणि खोडरबर अशी नावं पाडली. वेळापत्रक पुरं व्हायला तीन दिवस लागले. तोवर त्यातले पहिले तीन दिवस उलटून गेले होते, म्हणून ते नव्याने करावं लागलं. मग अभ्यास. मी धडा घडाघडा म्हणायचे आणि तू पुस्तक धरून ऐकायचीस. मी अडले की पलंगाच्या दांडीवर पट्टी आपटून म्हणायचीस, "पुढे!" उत्तर तू कधीच सांगितलं नाहीस (तुला ते येत नव्हतं, हे मला फार वर्षांनी कळलं), पण तू "पुढे" म्हटलंस की मला आठवायचं.

असो. तू माझ्याहून तीन महिन्यांनी मोठी, म्हणून आधी नमस्कार आणि मग घट्ट मिठी. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढता येतो का? दोन-तीन तास गाडीत बसवतं का? लेकीला, जावयांना माझी आठवण सांग आणि नातीचा पापा घे. इकडे सगळं क्षेम आहे. आमचे हे बरे आहेत. ऐकू कमी येतं, पण नको ते बरोबर ऐकू येतं. हे पत्र मी केवळ तुझी खुशाली विचारायला लिहिते आहे, दुसरं काही कारण नाही.

आता लिहायला बसलेच आहे म्हणून सांगते, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. तुला माहीतच आहे, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत संगणकाच्या थंडगार खोलीत मी एकतीस वर्षं स्वेटर घालून बसले. उद्या पाणी येणार नाही, हा निरोप शहराला पाठवणारी यंत्रणा माझ्या हाताखालची. तर या वर्षी नव्या प्रमुखबाई आल्या (माझ्या थोरलीच्या वयाच्या, केस कापलेल्या, स्वभावाने गोड) आणि म्हणाल्या, "मॅडम, आता सगळं नव्या पद्धतीने चालणार. बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम आहे, प्रगत पातळीचा. मग लेखी, प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा." आणि नापास झालं तर? तर निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं तळघरात, जुन्या कागदांच्या खोलीत. मी ती जाऊन पाहिली. एकोणीस कपाटं, एक खुर्ची आणि एक पंखा, तोही कपाटांकडे तोंड केलेला. यंत्रांची घरघर नाही, लुकलुकणारे दिवे नाहीत. वर आले ती थेट दुकानात गेले आणि रंगीत पेन्सिलींचा डबा घेऊन आले.

या विद्येचं नाव डेव्हऑप्स. (मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ह्यांना वाटलं मी शिंकले.) सोपं करून सांगते. एक जण प्रोग्रॅम लिहितो, दुसरा तो चालता ठेवतो, आणि बिघडला की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. तर या दोघांनी भांडण सोडून एका घरात नांदायचं, आणि जे काम हाताने पुन्हा पुन्हा करावं लागतं ते यंत्राला शिकवून मोकळं व्हायचं. प्रोग्रॅम कसा द्यायचा, तर डब्यात भरून. आपण शाळेत डबा न्यायचो तसा, चमचा, मीठ, रुमाल सगळं आत, म्हणजे कुठेही उघडला तरी कुणाकडे काही मागायला नको. आणि शेकडो डब्यांवर एक मॉनिटर नेमलेला असतो, आपल्या वर्गातल्या त्या चुगलखोर मुलीसारखा. एक डबा सांडला की हा लगेच तिथे दुसरा ठेवतो. मला हे सगळं फार आवडलं. कॉन्व्हेंटमध्ये वाढलेल्या बाईला याहून शिस्तीचं काय आवडणार?

वेळापत्रक मी दोनच दिवसांत केलं (प्रगती बघ). दुसऱ्या आठवड्याला हिरवा रंग, आणि धडा असा, की एकच माहिती दोन ठिकाणी कधी ठेवू नये, खरी प्रत एकच असावी. हे वाक्य मी सुवाच्य अक्षरात लिहून आरशाला चिकटवलं. सहाव्या आठवड्यात स्वतःचं काहीतरी बनवायचं होतं. मी बनवलं स्वतःलाच आठवण करून देणारं यंत्र. धडा राहिला की माझ्या फोनवर निरोप यायचा, आणि तो पुरा झाला अशी खूण मी करेपर्यंत दर पाच मिनिटांनी पुन्हा. निरोपाची भाषा मी आपल्या शाळेत हजेरीला नखं तपासणाऱ्या सिस्टरची ठेवली. त्यांच्याशिवाय कुणाच्या धाकाने मी आजवर काही केलेलं नाही.

सरावासाठी एक वेगळी जागा असते, तिथे कितीही पाडापाड करा, खऱ्या कामाला धक्का लागत नाही. तिथे पत्त्यांची एक छोटी यादी होती, त्यात एकच नाव, माझं. आणि खऱ्या जागी कचेरीची मोठी यादी, त्यातही माझं नाव. म्हणजे माझं नाव दोन ठिकाणी! मला आरसा आठवला. मी आज्ञाधारकपणे छोटी यादी पुसली आणि यंत्राला सांगितलं, बाळा, यापुढे खरी यादी वापर.

सकाळी अकराच्या ठोक्याला कचेरीतले सगळे फोन एकदम वाजले. चारशे बारा माणसांना निरोप गेला होता, "हात पुढे कर. नखं कापलीस का? सहावा आठवडा अजून अपुरा आहे. बाकावर उभी राहा." (शहराची यादी वेगळी होती म्हणून निभावलं, नाहीतर अख्ख्या शहराला नखं दाखवावी लागली असती.) आमच्या खोलीतले तिघं खरोखरच हातांकडे बघत होते. हिशेबखात्यातल्या एका बाईंनी माफी मागून संध्याकाळपर्यंतची मुदत मागितली. फाटकावरच्या पहारेकऱ्याने उत्तर पाठवलं, "मी उभाच असतो." आणि संचालकसाहेबांचं आलं, "कापली. सहावा आठवडा कशाचा?"

पाच मिनिटांनी दुसरा निरोप गेला, "अजून उभी राहिली नाहीस?" प्रमुखबाई धावत आल्या, मागे चार हुशार माणसं. "आधी कारण शोधू या," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "कारण मी आहे. जरा बाजूला व्हा." फूटपट्टी, अशा वेळी कारण नंतर शोधायचं, आधी काल जे नीट चालत होतं ते परत जागेवर आणायचं. हा पाचव्या आठवड्याचा धडा मी रोज गिरवला होता. नवं खोडून जुनं परत. खोडण्याचा माझा सराव किती वर्षांचा ते तुला ठाऊक आहे. तिसरा निरोप जायच्या आत सगळं शांत झालं. मग कारणही निघालं, आणि आरशावरच्या वाक्याखाली मी दुसरं लिहिलं, की सराव करताना खऱ्याला हात लावू नये.

दुपारी बैठक झाली. या पद्धतीत चूक कुणाची हे विचारत नाहीत, कशी झाली एवढंच विचारतात. मी उठून उभी राहिले आणि कबुली द्यायला लागले. प्रमुखबाई म्हणाल्या, "मॅडम, बसा. इथे नाव घ्यायचं नाही." मी म्हटलं, "पण मीच केलं!" "ते सगळ्यांना माहीत आहे, पण बसा." शिक्षा नाही, ओरडा नाही, शंभर वेळा लिहून काढायला नाही. टिपणात "एका कर्मचाऱ्याकडून" असं लिहिलं. मला काही राहवलं नाही. सगळे गेल्यावर मी समासात पेन्सिलीने माझं नाव लिहून ठेवलं.

पुढचे आठवडेही पार पडले आणि परीक्षाही झाली. लेखी चांगली गेली. प्रात्यक्षिकात त्यांनी मुद्दाम बिघडवलेली यंत्रणा मी दिलेल्या वेळेच्या निम्म्यात उभी केली. आणखी काय लिहू? हवा छान आहे. स्वतःला जप.

तुझीच,
खोडरबर

ता. क. तोंडी परीक्षेत मी नापास झाले, ते वर लिहायचं राहिलं. तीन गुणांनी. उत्तरं सगळी येत होती गं. पण उत्तराच्या मध्यावर मी थांबायचे आणि समोर बघत राहायचे. परीक्षकांना वाटायचं, बाईंचं संपलं. ते पुढचा प्रश्न विचारायचे. मी कशाची वाट बघत होते हे मला घरी येऊन चहा टाकल्यावर उमगलं. मी "पुढे!"ची वाट बघत होते. बेचाळीस वर्षांनी!

आणखी एक ता. क. संचालकसाहेबांनी (आता त्यांची नखं फार स्वच्छ असतात) मला शेवटची एक संधी दिली आहे, पुढच्या महिन्याच्या एकोणीस तारखेला. त्यानंतर एकोणीस कपाटं. म्हणून तू आठवडाभर इकडे ये. गुडघ्याची चौकशी वर केली ती याचसाठी. आम्ही तळमजल्यावर राहतो, जिना नाही. तुला काही समजायला नको, फक्त समोर बसून कागद धरायचा आणि मी थांबले की अजिबात काही बोलायचं नाही. माझी मी पुढे गेले पाहिजे. फोनवर हे जमणार नाही. तू गप्प बसलीस की मी "आहेस ना गं?" विचारत बसेन. ह्यांच्यावर प्रयोग केला होता, पण ते गप्प बसतात तेव्हा झोपलेले असतात.

शेवटचं. सोबतच्या पुडक्यातली प्रश्नांची वही तुझी, गाडीत उघडून बघ. बिस्किटांचा डबा जावयांना, आठवडाभर तुला सोडणार आहेत म्हणून. निळी शाल लेकीला. लाल आणि हिरवी पेन्सिल नातीला, आणि तिला सांग की वेळापत्रक एका दिवसात उरकायचं. तपकिरी कुणाला नको असेल तर तुझ्याकडे राहू दे. आणि ती जुनी पट्टी अजून असेल तर घरीच ठेवून ये, तुझ्या हातात दिसली की मी पुन्हा थांबेन.