स्टेपनीच्या जागी चार टोपल्या

५ जानेवारी, संध्याकाळी

रोजनिशी पाच तारखेला सुरू करतो आहे. आधीचे दिवस विचारात गेले. विचार न करता लिहिणारे लोक वेगळे.

मुद्दा असा. गाडी सीएनजी. अर्धी डिकी सिलिंडर खातो, उरलेल्या अर्धीत स्टेपनी. म्हणजे डिकी नावालाच. आज स्टेपनी बाहेर काढून बायकोच्या, म्हणजे चंद्रावतीच्या, मासळी तोलायच्या काट्यावर ठेवली. साडेबारा किलो. गाडी घेतल्यापासून ती एकदाही लागलेली नाही. याचा अर्थ मी आजवर साडेबारा किलो भीती घेऊन फिरतो आहे.

वाक्य चांगलं झालं, म्हणून क्रांतीला ऐकवलं. ती म्हणाली, पप्पा, विमाही कधी लागला नाही, तोही काढून टाका. मुलगी डहाणू रोडला लॅबमध्ये रक्त तपासते, त्यामुळे स्वतःला शास्त्रज्ञ समजते.

६ जानेवारी

निर्णय झाला. स्टेपनी घरी. जॅक आणि पानाही घरी, कारण स्टेपनी नसेल तर त्यांचं गाडीत काय काम? मी मोटर रिवाइंडिंग शिकलो ते एक जळलेली मोटर उघडून. कुणी शिकवलं नाही. टायरचं शास्त्र त्या मानाने सोपं आहे.

मोकळ्या जागेत चंद्रावतीच्या चार टोपल्या मावतात. टेपने मोजलं. टोपलीचा तळ गोल असल्यामुळे थोडी जागा वाया जाते, तिथे सुकटीची पिशवी बसेल.

७ जानेवारी

चंद्रावतीला योजना सांगितली. दर आठवड्याला ती तळासरीच्या बाजाराला सुकी मासळी घेऊन जाते ती काळूच्या टेम्पोत, बोंबलांच्या ढिगावर बसून. घरी गाडी असताना. गावात माझं काय दिसतं?

तिला एकच धास्ती, जागेची. बाजारात शिरताना पहिला कोपरा तिचा. आधी माझ्या आईचा होता. आईने जाताना तो सुनेच्या हातात दिला, मला विचारलंही नाही. बायकांचा आपसातला नियम असा की एक बाजार चुकला तर शेजारीण जागा राखते. लागोपाठ दोन चुकले की जागा सुटली. मग जी बसेल तिची. सरावलीची जमना त्या कोपऱ्यावर कधीपासून डोळा ठेवून आहे.

चंद्रावती म्हणाली, टेम्पो खडखडतो, पण पोहोचतो. मी म्हटलं, गाडी गाणी लावून पोहोचते. ती म्हणाली, मला तिथे मासळी विकायची आहे, नाचायचं नाही.

तरी शेवटी हो म्हणाली. टोपल्या जास्त जातील म्हणून. माझ्यामुळे नव्हे, हे तिने स्पष्ट केलं.

८ जानेवारी

काळूला स्वतः जाऊन सांगितलं की आमची जागा सोड, आता गरज नाही. तो म्हणाला, काका, विचार करा, होळीपर्यंत मग दुसऱ्याला देईन. मी म्हटलं, दे. मोठ्या मनाने म्हटलं. चहाही पाजला.

१२ जानेवारी, रात्री

ऐतिहासिक दिवस. आशागड, चारोटी, हायवे, तळासरी. कुठे थांबलो नाही. चंद्रावती कोपऱ्यावर सगळ्यांच्या आधी. तिथून एकटाच अच्छाडपर्यंत गेलो, केवळ गाडी हलकी झाल्याचा अनुभव घेण्यासाठी. ढाब्यावर ट्रकवाल्यांना माझा सिद्धांत समजावला. एकाने विचारलं, पंक्चर झालं तर? मी म्हटलं, होणार नाही असं गृहीत धरून चालवायचं, म्हणजे माणूस सावध चालवतो. त्याने चहा अर्धाच ठेवला आणि उठून गेला. पटायला वेळ लागतो.

परतताना चंद्रावती म्हणाली, गाडीत वास राहील हं. राहू दे. कष्टाचा वास आहे.

१५ जानेवारी

स्टेपनी ओट्यावर होती, आज दिसली नाही. चंद्रावतीने आवरली असेल. विचारलं नाही. विचारलं असतं तर मला तिची आठवण येते असा अर्थ निघाला असता.

१९ जानेवारी, दुपारी, घरी

घडलं ते क्रमाने लिहितो.

आशागड सोडल्यावर मागचं डावं चाक बसलं. खिळा. खिळ्याचा दोष, टायरचा नाही, सिद्धांताचा तर मुळीच नाही. गाडी बाजूला घेतली. चंद्रावती काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त ऐकू येतं.

मी शांतपणे रघ्याला फोन केला. रघ्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ, बोटवाला, आमच्या शेजारीच राहतो. म्हटलं, ओट्यावर होती ती स्टेपनी शोधून बाईकवर घालून आण, जॅकही आण.  तो म्हणाला, भावजी, ती समुद्रात आहे.

मी म्हटलं, समुद्रात म्हणजे काय?

त्याचं म्हणणं असं. बोट धक्क्याला घासू नये म्हणून कडेला जुने टायर टांगतात, हे मलाही माहीत आहे. त्याचा एक टायर तुटून गेला होता. ओट्यावर बिनकामाचा पडलेला दिसला. म्हणाला, तुम्हीच तर सगळ्यांना सांगत होता की तो लागत नाही, मग मी रिमवरून उतरवून घेतला. बोट काल खलाशांबरोबर गेली. परवा येईल.

रिम कुठे आहे विचारलं. म्हणाला, रिम दीदीच्या मासळी सुकवायच्या खळ्यावर, ताडपत्री उडू नये म्हणून ठेवली आहे.

मी चंद्रावतीकडे पाहिलं. ती म्हणाली, मला काय माहीत ती तुमची होती. मी समजले त्याने कुठून तरी वजन आणलं.

पंक्चरवाला आशागडला. चाक काढायला जॅक हवा. जॅक घरी. शेवटी एका पिकअपवाल्याने थांबून आपला जॅक लावून दिला आणि चाकासकट मला मागे बसवलं. चंद्रावती टोपल्यांबरोबर गाडीत बसून राहिली. शेजारून काळूचा टेम्पो पुढे गेला. तिच्या जागी आता आमच्या आळीतली बारकी बसली होती. बारकीने हात केला, असं चंद्रावती सांगते. मला त्यात काही टोमणा दिसत नाही.

चाक लागलं तोवर बाजार उठायच्या बेतात. शेजारणीने जागा राखली, तसा फोन आला. म्हणजे एक चुकला. एक चालतो. नियमात बसतं.

२१ जानेवारी

बोट आली. टायर परत घेतला. बाजूला धक्क्याचे घासे आणि आत दोन बारीक खेकडे. रघ्या म्हणाला, भावजी, चांगलं काम देत होता. जणू शिफारसपत्र.

रिमवर चढवण्यात अर्थ नाही. काल मोबाईलवर बरंच पाहिलं. जग पुढे गेलं आहे. टायरमध्ये एक चिकट द्रव भरायचा, खिळा घुसला की भोक आपोआप बुजतं. आणि हवा भरायला छोटा पंप, गाडीच्याच सॉकेटवर चालणारा. वजन नगण्य. दोन्ही वस्तू मागवल्या. स्टेपनीचा प्रश्न कायमचा संपला. टायर रघ्याला देऊन टाकला, म्हणजे आपल्यात मतभेद नाहीत हे त्याला कळेल.

२३ जानेवारी

चंद्रावती काळूकडे जाऊन आली. टेम्पोत जागा नाही, होळीपर्यंत बारकीला शब्द दिलाय. काळू तिला म्हणाला म्हणे, काकांनीच मोठ्या मनाने सोडली, ताई. आता सगळं गाडीवर आहे. ती रात्री जेवताना म्हणाली, हा बाजार चुकला तर सासूबाईंना मी काय सांगू? आईला जाऊन बारा वर्षं झाली. 

२५ जानेवारी, संध्याकाळी

द्रव आला. चारही चाकांत स्वतः भरला. त्यासाठी व्हॉल्वची पिन काढावी लागते. सगळी हवा जाते. मग परत भरायची. पंप छान चालतो, आवाज थोडा मोठा आहे. क्रांती म्हणाली, इंजिन चालू ठेवा, नाहीतर बॅटरी बसेल. मी म्हटलं, गॅस फुकट जाळायचा का? मी मोटरी दुरुस्त करतो, मला वीज किती लागते ते कळतं.

चारही चाकांत बरोबर तेहेतीस. मीटरवर दोनदा पाहिलं. एकात साडेबत्तीस होती, ती वाढवली. समाधान. उद्या निर्धास्त.

२६ जानेवारी, सकाळी

पहाटे टोपल्या भरल्या. चंद्रावती पुढे बसली. चावी फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक.

खाली उतरून चाकं पाहिली. चारही कडक. इतकी सुरेख हवा मी कुणाच्या गाडीत पाहिलेली नाही.

रघ्या आणि दोन खलाशांनी ढकलली. गल्लीच्या तोंडाला चढ आहे. रघ्या म्हणाला, भावजी, बोट याहून हलकी लागते. आमच्या आळीत गाडी आमचीच, दुसऱ्या गाडीची बॅटरी लावायला दुसरी गाडी नाही. मेकॅनिकला फोन केला तर तो झेंडावंदनाला गेलेला. रिक्षावाले टोपल्या बघून वासाचं कारण सांगतात. क्रांतीने दोनचार ठिकाणी फोन केले. चंद्रावती पुढच्या सीटवर बसूनच राहिली, पर्स मांडीवर घेऊन. ऊन काचेवर आलं तरी उतरली नाही. मी पंख्याने वारा घालू का विचारलं. नको म्हणाली.

दुपारी

मेकॅनिक येऊन गेला. गाडी सुरू झाली. आता कुठे जायचं हा प्रश्न आहे.

२ फेब्रुवारी

चंद्रावती एसटीने गेली, एकच टोपली घेऊन. माझी गाडी उभी होती, सुरू होत होती, मी सुरू करून दाखवलीही. ती म्हणाली, असू दे.

संध्याकाळी आली. कोपऱ्यावर जमना. नवं फडकं अंथरून. चंद्रावतीला म्हणाली, ये ना गं, बस, जरा मागे जागा आहे. ही मागे बसली, लसणीवाल्याच्या पलीकडे. नेहमीची गिऱ्हाइकं जमनाकडून घेऊन गेली. एकीने हिला ओळखलं आणि विचारलं, आजारी होतीस का?

मी समजावू लागलो की मुळात कोपऱ्याला ऊन फार लागतं. ती उठून खळ्यावर गेली.

आज सिद्धांत, मोजमाप वगैरे काही लिहीत नाही.

४ फेब्रुवारी

माझा विचार होता की मी स्वतः जमनाकडे जाऊन बोलावं. मुद्दे काढले. क्रांती म्हणाली, पप्पा, तुम्ही गेलात तर ती आईला लसणीच्याही पलीकडे बसवेल. शेवटी चंद्रावतीच सरावलीला गेली, बरोबर ओली मांदेली घेऊन. मी गाडीने सोडतो म्हटलं. ती क्रांतीच्या स्कूटीवर बसली.

तिथे काय झालं ते क्रांतीकडून कळलं. जमना आधी म्हणाली, नियम तुझ्या सासूनेच केला होता, मी नाही. चंद्रावती म्हणाली, हो, आणि तिनेच तुझ्या आईला प्रसूतीनंतर चार बाजार आपल्या फडक्यावर बसवलं होतं. मग दोघी बराच वेळ सासवांवर बोलल्या. चहा झाला. कोपरा अर्धा अर्धा.

अट एक. जमनाला आणि तिच्या टोपल्यांना सरावलीहून आमच्या गाडीने न्यायचं. माझी गाडी! अखेर गाडीमुळेच जागा परत मिळाली, हे मी घरात नोंदवलं. कुणी वाद घातला नाही. ऐकलंही नसावं.

६ फेब्रुवारी

जमनाचा निरोप. स्टेपनी नसेल त्या गाडीत ती बसणार नाही. आशागडची गोष्ट सरावलीपर्यंत गेली आहे.

बाईमाणसाच्या भीतीला मान दिला पाहिजे. रघ्याकडून टायर दुसऱ्यांदा परत आणला. पंक्चरवाल्याने पाहिला आणि म्हणाला, हा बोटीलाच बरा. नवा घेतला. खळ्यावरून रिम आणली, त्या जागी दोन दगड ठेवले. बसवली. जॅक, पाना, पंप, मीटर, सगळं जागेवर. माझं पहिल्यापासून हेच मत होतं असं नाही, पण मत बदलणं हे जिवंत मेंदूचं लक्षण आहे.

८ फेब्रुवारी, संध्याकाळी

टेपने सगळं पुन्हा मोजलं. डिकीत सिलिंडर आणि स्टेपनी. मागच्या सीटवर चंद्रावतीच्या टोपल्या. पायांपाशी जमनाच्या टोपल्या आणि सुकट. मागच्या सीटच्या उरलेल्या कोपऱ्यात जमना, ती अंगाने भरलेली आहे. पुढे चंद्रावती, मांडीवर करंदीची पिशवी. आणि चालक.

तीन वेळा जुळवलं. जुळलं.

मग क्रांती म्हणाली की चालवणार ती. आईचं आणि तिचं ठरलंय. लायसन आहे तिच्याकडे, उद्या सुट्टीही आहे. मी म्हटलं, ठीक, मी बाजूला बसून मार्गदर्शन करतो. त्या दोघींनी टोपल्यांकडे पाहिलं.

मी म्हटलं, मग स्टेपनी ठेवून जा, माझ्यापुरती जागा होईल. टोपल्या डिकीत, मी मागे. चंद्रावती म्हणाली, स्टेपनी राहू द्या. ती गप्प बसते.

९ फेब्रुवारी

पहाटे गेल्या. नाक्यावर वळताना मागचं डावं चाक किंचित बसकं वाटलं. हाक मारली. काचा बंद होत्या. आत गाणी चालू होती.

मी खळ्यावर खुर्ची टाकून बसलो आहे. काठ्यांवर बोंबील टांगलेत, कावळे टपलेत, कुणीतरी लक्ष द्यायला हवंच. जबाबदारीचं काम आहे.

दुपारी क्रांतीचा फोन आला. पोहोचलो, दोघी कोपऱ्यावर बसल्यात, आईचे बोंबील जवळजवळ संपले. मी विचारलं, मागच्या डाव्या चाकात हवा किती आहे? मीटर डॅशबोर्डच्या खणात आहे, निळ्या पिशवीत, आधी पिन नीट दाब, मग आकडा वाच.

ती म्हणाली, पप्पा, तुम्ही कावळे बघा.

बघतो आहे.