उत्तरेचा तिसरा खांब

६ एप्रिल १९०८
पोचलो एकदाचा किल्डोरनला. बापाच्या छिन्नी-हातोड्यांवरून भांडण झाल्यापासून बारा वर्षांत मर्डोदादाने मला एक ओळ लिहिली नव्हती, आणि मागच्या महिन्यात अचानक पत्र: ये, कॅथेड्रलच्या जीर्णोद्धाराला तुझ्यासारखा पाथरवट हवाय. स्टेशनवर स्वतः घ्यायला आला. "किती वाळलास रे टॅव्हिश, दगड तू उचलतोस की दगडच तुला?" म्हणत गळ्यात पडला. मनातली अढी मी तिथंच सोडली. जेवायला खारवलेले हेरिंग मासे आणि बटाटे होते, आडवा हात मारला.

९ एप्रिल
इमारत बघून जीव हरखला. सातशे वर्षांची. धर्मपंथांच्या भांडणात लोकांनी छपरावरचे शिशाचे पत्रे ओरबाडून नेले, मग तीनशे वर्षं आत मेंढ्या चरल्या. आता दादा इथला मुख्य मिस्त्री, जूनमध्ये नवं छप्पर चढवायचंय. उत्तरेच्या रांगेतला तिसरा खांब तेवढा तडकतोय, बुजवलेली चीर आठवड्यात पुन्हा उघडते. कामगार त्याच्याजवळ बसून जेवत नाहीत. मी मुद्दाम तिथंच बसलो.

१७ एप्रिल
मी आल्यापासून चीर वाढली नाही. दादा खूश आहे. माझी उजवी करंगळी मात्र आखडलीय. चुन्याने होतं असं, दादा म्हणतो, आणि रोज स्वतः तेल चोळून देतो. इतकी माया आईनेही केली नसेल.

२५ एप्रिल
तीन बोटं आखडून निर्जीव झाली. सुई टोचली तर सुईच वाकते. लॅखलन म्हातारा, इथला सगळ्यात जुना पाथरवट, माझा हात बघून टोपी काढून उभा राहिला, मयताला काढतात तशी. विचारलं तर म्हणाला, मला काय विचारतोस, खांबाच्या पायथ्याशी वाकून बघ.

२८ एप्रिल
बघितलं. पायथ्याच्या दगडावर माझी खूण आहे. प्रत्येक पाथरवटाची आपली एक खूण असते, आणि आपण घडवलेल्या दगडावरच तो ती कोरतो. हा दगड मी घडवलेला नाही. मी यायच्या आधीच बसवलाय.
शेवटी लॅखलनने तोंड उघडलं. या खांबात जित्या पाथरवटाची खूण कोरून त्याला इथं आणला की खांब त्याचं बळ घेऊन उभा राहतो. पाथरवट मग उरत नाही.
माझी खूण मला दादानेच शिकवली. इथं दुसऱ्या कुणाला ती ठाऊकच नाही.

१ मे
दादाला विचारलं. नाकारलं नाही. खाली बघत म्हणाला, स्वतःचीच कोरणार होतो रे, पण मग काम कुणी पुरं करायचं? बारा वर्षं घातलीत मी इथं.
सख्खा भाऊ. 'ये' लिहिलं तेव्हा खूण कोरून झाली होती.

४ मे
डाव्या हाताने लिहितोय. पाय उचलत नाहीत — पळणार कुठं. लॅखलन म्हणतो, खुणेची एक रेघ छाटली तरी माणूस सुटतो. त्याचे हात वयाने थरथरतात, बाकीचे त्या खांबाला हात लावत नाहीत. माझे तर —

५ मे
दादा आला. गुडघे टेकून रडला. चुकलो म्हणाला, आत्ता जाऊन रेघ छाटतो. छिन्नी घेऊन गेला. मीही रडलो. माफ केलं त्याला, मनापासून.

दुपार
खिडकीतून छिन्नी ऐकू येतेय. दादाचाच हात. तीन घाव, दम — तीन घाव —
एक रेघ छाटायची. दहा घावांचं काम.
शंभर झाले —
दर घावाला छाती जड —
छाटत नाहीये तो. आणखी खोल को