ब्रिजखालचा निळा रंग

प्रेरणा,

सकाळी ५.४० वाजता गिटारची भुणभुण थांबली. दोष तुझ्या हाताचा नव्हता, माझा होता. जयंतीसाठी मी गिटार निळी रंगवली, तेव्हा तारा टेकतात तो धातूचा ब्रिज काढला होता. त्याखाली अर्थिंगची वायर असते. तिच्यावरही रंग बसला आणि ब्रिजशी तिचा संपर्क तुटला. आज पॉलिश पेपरने वायर आणि ब्रिजची खालची बाजू घासली, ब्रिज परत कसला.

मी बातमीसाठी चिखल्याला जातो आहे. तू विहारात गेलीस की गिटार तिथल्या अ‍ॅम्पला लावून आधी तपास. तारांवर हात ठेवताच आवाज थांबायला हवा. नाही थांबला तर ब्रिजचे दोन्ही स्क्रू अजून आवळ. पेचकस कव्हरच्या खिशात आहे. तपासून होईपर्यंत गिटारला दुसरं कोणी हात लावू नये.

काल तालमीत मी सगळ्यांसमोर म्हणालो, "गिटारले काई नाही झालं, तुलेच वाजवता येत नाही." जिथे चुकीचं बोललो तिथेच, त्याच लोकांसमोर, ते दुरुस्त करीन. कार्यक्रम संध्याकाळी सहाचा आहे, मी साडेपाचला विहारात असेन.

रात्री तू आईला म्हणालीस, "मी नाही वाजवत उद्या." तू आज वाजवशील की नाही, याची निघताना माझ्याकडे एवढीच माहिती आहे.

बाबा